‘ब’ पेटीचा आवाज

उदयसिंह पेटी घेऊन जिना चढून आला, तेव्हाच राजमतीच्या मनात पाल चुकचुकली. माणूस मलकापूरहून एसटीनं आला होता, पेटी गोणपाटात गुंडाळलेली होती, आणि गोणपाट सोडण्याआधी त्यानं सम्राटकडं बघून जी मान हलवली, ती अनोळखी माणसाची मान नव्हती.

“तुमची ओळख दिसतेय,” राजमती म्हणाली.

“न्हाय ओ अक्का,” सम्राट घाईनं म्हणाला. “फोनवर बोललोय, तेवढंच.”

शाहूपुरीतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांवर, दुसऱ्या मजल्यावर राजमतीचा ‘श्रुती’ स्टुडिओ होता. साडी नेसून टेपच्या मशीनपुढं बसणारी बाई कोल्हापुरात कुणी बघितली नव्हती, तेव्हापासून ती या धंद्यात होती. तिच्या कानाच्या गोष्टी लोक एकमेकांना सांगत. नुसतं रेकॉर्डिंग ऐकून तिनं एका तबलजीला सांगितलं होतं, तुझ्या डग्ग्याच्या शाईला चीर गेलीय. आणि ती खरंच गेली होती. हल्लीची पोरं कॉम्प्युटरच्या पडद्यावर नाचणारे आलेख बघून आवाज जोखतात, त्याचा तिला तिटकारा. “डोळ्यांनी ऐकू नये,” हे तिचं ठरलेलं वाक्य. सम्राट पोरसवदा असताना तिच्याकडं वायरी गुंडाळायला लागला, तो आता स्टुडिओत निम्म्याचा भागीदार होता. त्यालाही तिनं हेच शिकवलं होतं.

काम असं होतं. शाहूवाडी-पन्हाळ्याकडच्या म्हाताऱ्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करून ठेवायचं एका संस्थेनं मनावर घेतलं होतं. संस्थेचे अध्यक्ष धैर्यशील हे एकेकाळी दूध संघात वजन असलेले गृहस्थ. त्यांना कुणीतरी सांगितलं की माइक कितीही चांगला घेतला तरी त्याच्यामागं प्रीअँप चांगला पाहिजे. माइकमधून येणारा आवाज अगदी क्षीण असतो; तो रेकॉर्ड होण्याजोगा मोठा करणारी ही पेटी. आणि जुन्या घडणीच्या पेट्यांत, ज्यांच्या पोटात तांब्याच्या तारांचे जड ट्रान्सफॉर्मर असतात, गळ्याला जो भरीवपणा येतो तो नव्या हलक्या पेट्यांत येत नाही. आता तशा पेट्या परत बनायला लागल्यात. एक परदेशी, मुंबईच्या विक्रेत्यानं पाठवलेली. एक उदयसिंहनं मलकापुरात स्वतःच्या हातानं बांधलेली. आणि तुलनेला राजमतीची नेहमीची. “अक्का ज्या पेटीवर बोट ठेवतील ती आम्ही डोळं झाकून घेणार,” असं धैर्यशील सगळ्यांना सांगत सुटले होते.

म्हणून तर राजमती सावध होती. जिथं एकाच माणसाच्या शब्दावर सगळं ठरतं, तिथं त्या शब्दाभोवती माश्या घोंगावतात, हे तिनं बघितलेलं होतं.

पेट्यांच्या परीक्षेसाठी गायला राजनंदिनी आली. मुलगी वकिलीचं शिकत होती, पण आजीच्या ओव्या तिच्या गळ्यात बसलेल्या. एकदाच गायली. एकाच माइकचा आवाज वाटून तिन्ही पेट्यांतून एकाच वेळी घेतला, म्हणजे गाण्यात फरक पडायला नको. मग सम्राटनं तिन्ही आवाजांची पातळी नीट एकसारखी केली. थोडा मोठा आवाज कुणालाही थोडा चांगलाच वाटतो. या धंद्यातली सगळ्यात जुनी फसवणूक तीच. कुठल्या पेटीला कुठलं अक्षर, हे फक्त त्याला ठाऊक. अ, ब आणि क.

राजमती पडद्याकडं पाठ करून बसली आणि तिनं डोळे मिटले.

‘अ’ ठीक होता, पातळ ताकासारखा. ‘क’ स्वच्छ, पण घासूनपुसून ठेवलेल्या स्टीलच्या भांड्यासारखा. हात लावला तर गार लागेल असा. आणि ‘ब’ सुरू झाला तशी ती पुढं सरकली. राजनंदिनीचा खालचा सूर छातीतून येत होता. ओवीच्या शेवटी श्वास सोडताना गळा जो थोडा थरथरला, तोसुद्धा जिथल्या तिथं होता. गूळ विरघळावा तसा आवाज.

“ब,” ती म्हणाली. “प्रश्नच न्हाई.”

राजमतीनं डोळे उघडले. समोरच्या काचेत तिला मागचं दिसत होतं. राजनंदिनी कपाळाला आठ्या घालून कानात बोट हलवत होती. तिनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि सम्राटनं तिच्याकडं असं बघितलं की तिनं ते मिटलं.

“ब नक्की का, अक्का?” सम्राटनं विचारलं. “परत एकदा ऐकूया?”

“का? तुला काय वाटतंय?”

“मला… तसं काय न्हाय.”

‘ब’ उदयसिंहची पेटी निघाली. त्या रात्री जेवतानासुद्धा राजमतीच्या डोक्यात हेच. सम्राटला ‘ब’ नको होता. म्हणजे त्याला परदेशी पेटी हवी होती. मुंबईच्या विक्रेत्यानं त्याला काही कबूल केलं असेल का? पण मग उदयसिंहला बघून ती मान कशाला हलली?

“सम्राट तसलं करणार न्हाई,” तिचे यजमान अण्णाप्पा म्हणाले. “आपल्या हातावर वाढलेलं पोरगं.”

“तुम्हाला माणसं कधी कळली?”

“बरं, न्हाई कळली. ती खिडकी लाव तेवढी. रातकिडं काय कोकलायलेत, टीव्ही ऐकू येईना.”

तिनं खिडकी लावली. बाहेर काही कोकलत नव्हतं. विषय बदलायचा असला की हे असंच काहीतरी काढतात, असं तिच्या मनात आलं.

दुसऱ्या दिवशी इचलकरंजीला भाचीच्या मुलाचं बारसं होतं. राजमती स्टुडिओत येणार नव्हती, पण बारसं लवकर आटपलं आणि ती परस्पर शाहूपुरीत उतरली. जिन्यातच डिंक जळल्यासारखा वास आला. सोल्डरिंगचा. दार ढकललं तर टेबलावर उदयसिंहची पेटी झाकण काढून उताणी पडलेली, तिच्यावर उदयसिंह वाकलेला, आणि सम्राट त्याला मोबाईलचा उजेड धरून उभा.

दोघं असे दचकले की जणू देवळाच्या पेटीत हात घातलेला सापडला.

“काय चाललंय?”

“एक वायर सैल हुती, बाई,” उदयसिंह म्हणाला.

“काल तर छान वाजत होती.”

उदयसिंहनं सम्राटकडं बघितलं. “व्हय… छानच वाजत हुती की.”

“मग छान वाजणारी पेटी उघडायचं कारण? परीक्षा झालीय, संस्थेला कळवायचं तेवढं राहिलंय. कालची पेटी आज तीच राहिली का? उद्या हीच पेटी म्हणून संस्थेला दुसरंच काहीतरी गळ्यात मारलं, तर नाव कुणाचं जाणार?”

उदयसिंहचा चेहरा लाल झाला. त्यानं झाकण बसवलं, हत्यारं पिशवीत भरली आणि सम्राटला ‘येतो’ म्हणून खाली उतरला. तिच्याकडं बघितलंही नाही.

“अक्का, कालचं रेकॉर्डिंग संस्थेला पाठवू नका,” सम्राट म्हणाला. “राजनंदिनीला बोलवून परत करूया.”

“का?”

“परत केलेलं बरं, एवढंच.”

बस, तिचं ठरलं. कुणाच्या पदरात माप पडणार हे कळत नव्हतं, पण मापात पाप होतं. कधी वाटे, सम्राट मुंबईवाल्याला मिळालाय आणि उदयसिंहची चांगली पेटी मुद्दाम बिघडवतोय. कधी वाटे, उदयसिंहला मिळालाय आणि पेटीत काही लबाडी भरतोय. दोन्हीकडून खाणाराही असतो की. इतकी वर्षं ज्याच्या हातात किल्ल्या देऊन ती घरी गेली, त्यानं तिच्या मागं स्टुडिओत काय काय केलं असेल? मागच्या दिवाळीचा भजनाचा अल्बम तिनं घरी लावला होता, तेव्हा तो तिनं केला होता तसा वाटला नव्हता. मंद वाटला होता, वरून पदर ओढल्यासारखा. तेव्हा तिनं घरच्या स्पीकरला दोष दिला होता.

पुढच्या दिवशी सम्राट एका लग्नाच्या ऑर्डरला बाहेर गेला, आणि राजमतीनं दार आतून लावून घेतलं. पकडायचं तर पुराव्यानिशी.

पेटी तपासायची एक साधी रीत असते. कॉम्प्युटरवरून एक सूर सोडायचा, खर्जापासून सुरू होऊन हळूहळू वर चढत जाणारा, अगदी डासाच्या गुणगुणण्याच्याही वर. तो पेटीतून न्यायचा आणि ऐकायचा. पेटी कुठं दम सोडते ते कळतं.

तिनं सूर सोडला. खाली छान, मध्ये छान. वर चढत गेला, शिट्टी झाला, बारीक झाला, आणि मध्येच तुटला. चाकूनं कापल्यासारखा.

राजमती खुर्चीवरून उठलीच. हे बघा! वरचा सगळा आवाज खाऊन टाकलाय. वरचं नसलं की खालचं गोड लागणारच. यालाच ‘जुनी घडण’ म्हणायचं का? तिला धैर्यशीलना तिथल्या तिथं फोन लावावासा वाटला. पण पुरावा पुरता पाहिजे, म्हणून तिनं तोच सूर परदेशी पेटीतून सोडला.

तिथंही तुटला. त्याच जागी.

मग तिनं स्वतःची पेटी लावली. तिथंही तसंच. ही पेटी तिच्यासमोर वर्षानुवर्षं चालत होती. तिच्यातही सम्राटनं हात घातला? तिनं सगळ्या पेट्या सोडवल्या आणि कॉम्प्युटरचा सूर थेट स्पीकरला दिला. तुटला. म्हणजे स्पीकर. त्यातला वरच्या सुरांचा लहान भोंगा जळालाय. हेडफोन घातला. तुटला. तिनं आयुष्यात न केलेली गोष्ट केली; वळून पडद्यावरचा आलेख बघितला. त्यावर एक हिरवी रेघ ताठ उभी होती आणि शांतपणे उजवीकडं सरकत होती. आवाज होता. पडद्यावर होता.

कॉम्प्युटरचंच काहीतरी बिनसलंय, असं म्हणून तिनं परत स्पीकर लावले, सूर त्या जागेच्या पुढं नेऊन ठेवला आणि आवाजाचं बटण वाढवत नेलं. अजून. अजून थोडं. खोली गप्प होती. रस्त्यावरची रिक्षा ऐकू येत होती.

दारावर धडाधड थापा पडल्या. शेजारच्या गाळ्यात ब्लाउज शिवणारी मोना दोन्ही कानांवर हात दाबून उभी होती.

“काकू, बंद करा की ओ ते! कसली शिट्टी लावलीया? गिऱ्हाईक उठून गेलं माझं! दात शिवशिवायलेत!”

“शिट्टी?” राजमती म्हणाली.

“ही काय! आता सुद्धा वाजतीया की! तुमास्नी ऐकू येईना व्हय?”

मोनानं हे सहज विचारलं होतं. उत्तराला ती थांबलीसुद्धा नाही. राजमतीनं जाऊन बटण खाली ओढलं, तशी मोनानं हात काढले, “देवा,” म्हणून सुस्कारा टाकला आणि ती गेली. राजमतीला मात्र खोलीत काहीच बदललेलं जाणवलं नाही.

तिनं ‘ब’चं परवाचं रेकॉर्डिंग लावलं आणि फक्त पडद्याकडं बघत राहिली. राजनंदिनीचा गळा डोंगरासारखा उठत-बसत होता, आणि त्याच्या पुष्कळ उजवीकडं, तिचा सूर जिथं तुटला होता त्याच्या पलीकडं, एक बारीक सुळका होता. ओवी थांबली तरी तो होता. तिला आवडलेल्या आवाजात सुरुवातीपासून शेवटपर्यंत कुणीतरी शिट्टी वाजवत होतं.

सम्राट संध्याकाळी आला. दिवा न लावता ती बसलेली बघून तो दारातच थांबला.

“बस,” ती म्हणाली. “पेटी शिट्टी मारत होती. तुला ऐकू आली. राजनंदिनीलाही आली.”

त्यानं खाली बघितलं. “व्हय.”

“उदयसिंहला कधीपासून ओळखतोस?”

“पेटी येण्याआधी त्याच्याकडं मलकापूरला गेलतो. आवाज चांगला वाटला म्हणून मीच त्याला म्हटलं, अक्कांना दाखव. तुम्हाला आधी सांगितलं असतं तर तुम्ही म्हणला असता, सम्राटचा माणूस. त्या वेळी शिट्टी नव्हती ओ. एसटीत हादरून आतली पॉवरची वायर सरकली आणि ट्रान्सफॉर्मरला टेकली. साधं काम होतं. गुपचूप करून टाकावं म्हटलं.”

“गुपचूप का?”

सम्राट टेबलावरची वायर गुंडाळायला लागला.

“सम्राट. गुपचूप का?”

“तुम्ही ‘प्रश्नच न्हाई’ म्हणला होता,” तो म्हणाला. “सगळ्यांसमोर. ते रेकॉर्डिंग संस्थेत लागलं असतं तर पोरंठोरं कानावर हात ठेवून हसली असती.”

“आणि दिवाळीचा अल्बम?”

“तो पण.” “तुम्ही आता वरचा आवाज फार तिखट ठेवता, अक्का. स, श, च ही अक्षरं टोचतात. दोघा-तिघांनी रेकॉर्डिंग परत आणलं होतं. मग तुम्ही गेल्यावर मी थोडं खाली घ्यायला लागलो.”

“किती दिवस झाले?”

“बरेच.”

राजमतीला वाटलं होतं, खरं कळलं की मन हलकं होईल. उलट ते पेटलं. चोर निघाला असता तर हाकलता आलं असतं. “माझ्या नावावर तुझं काम जात होतं,” ती म्हणाली, “आणि मी लोकांपुढं मान वर करून फिरत होते. तू मला वाचवलं न्हाईस सम्राट, तू मला झाकून ठेवलंस. पहिल्या दिवशी तोंडावर सांगायला काय झालं होतं?”

“कसं सांगणार?” त्याचाही आवाज चढला. “एकदा म्हटलं होतं, ‘स’ जरा टोचतोय. तुम्ही म्हणला, कान धुऊन ये. तुम्हाला कोण सांगणार, तुम्हाला ऐकू येत न्हाई?”

हे वाक्य एकदाचं खोलीत पडलं. राजमतीनं उठून दिवा लावला.

तिनं उदयसिंहला स्वतः फोन केला. “परवा बोलले ते चुकलं माझं,” ती म्हणाली. तो म्हणाला, “ऱ्हाऊ दे बाई. माझी पेटी शिट्टी मारत हुती, ही माझीच लाज. तुमच्यापुढं झाकण उघडायला जीव हुईना माझा.” त्याला बाकीचं ठाऊक होतं की नाही, हे तिला त्याच्या बोलण्यावरून कळलं नाही, आणि तिनं विचारलं नाही.

कानाच्या डॉक्टरांनी तिला काचेच्या खोलीत बसवलं. आवाज आला की बटण दाबा, म्हणाले. ती तिथंही बटण धरून डॉक्टरांच्या चेहऱ्याकडं संशयानं बघत होती. हा माणूस आत्ता काही वाजवतोय की नुसताच बसलाय? त्यांनी हातात दिलेल्या कागदावरची रेघ आधी सपाट जात होती आणि मग घाटातल्या रस्त्यासारखी उतरत होती. वय, आणि आयुष्यभराचे हेडफोन. गेलेलं परत येत नाही, उरलेलं सांभाळा.

धैर्यशीलना फोन करायला तिला हिंमत गोळा करावी लागली.

“दादा, माझ्या एकटीच्या कानावर पेटी ठरवू नका. वरचं मला ऐकू येत न्हाई आता.”

“असं व्हय…” धैर्यशील म्हणाले. पलीकडं त्यांचा आवाज एका क्षणात आदबशीर झाला, आणि तीच आदब तिला लागली. “बघतो. कमिटीपुढं ठेवतो.”

परीक्षा नव्यानं झाली. या वेळीही राजनंदिनीच गायली, पण ऐकायला राजमतीबरोबर सम्राट, मोना आणि संस्थेची दोन माणसं होती. अक्षरं मोनानं लावली. मतं काही एक झाली नाहीत. संस्थेच्या दोघांना परदेशी पेटी आवडली. मोना म्हणाली, मला सगळं सारखंच लागतंय, पण शिट्टी न्हाई हे बरं. राजमतीनं खालच्या आणि मधल्या सुराबद्दल सांगितलं आणि त्याच्या वरचं सांगायला सम्राटकडं बोट केलं. दोघांचं मत उदयसिंहच्या पेटीवर पडलं. कमिटीनं पुष्कळ दिवस घोळवून तीच घेतली, पण कळवताना एक ओळ जास्तीची लिहिली. रेकॉर्डिंगची जबाबदारी सम्राट यांची राहील. राजमतीनं ती ओळ वाचली आणि फोन उलटा ठेवला.

पहिलं रेकॉर्डिंग शालूबाईंचं झालं. मलकापूरच्या पलीकडून जीपनं आल्या होत्या, अंगानं काटकुळ्या, आवाजानं अजून खणखणीत. सम्राट काचेपलीकडं मशीनपुढं बसला. राजमती आत शालूबाईंजवळ बसली. माइक किती लांब ठेवायचा, मान कुठं वळते, दम कुठं संपतो, हे बघायला. हेडफोन तिच्या कानावर होता.

पहिली ओवी पुरी झाली. तिला ती निर्मळ वाटली. काचेपलीकडं सम्राटनं हात वर केला.

“काय झालं?”

त्यानं थोडं थांबून, माइकचं बटण दाबून सांगितलं, “अक्का, बांगड्या वाजायल्यात.”

राजमतीनं शालूबाईंच्या हातांकडं बघितलं. काचेच्या हिरव्या बांगड्या मनगटावर खालीवर होत होत्या. हेडफोनमध्ये काही नव्हतं. तिनं परत सम्राटकडं बघितलं. जुनी सवय एकदा उसळून आलीच: खरंच वाजतात, की आता हा मला काहीही सांगू शकतो? तो तिच्याकडंच बघत होता, बटणावरचं बोट न उचलता, ती काय म्हणते याची वाट बघत.

“मावशी, बांगड्या काढता का जरा?” तिनं विचारलं.

“न्हाय बाई, मालक हायत अजून माझं,” शालूबाई ठसक्यात म्हणाल्या. “गाणं न्हाय झालं तरी चालंल.”

“मग हात द्या हिकडं.”

राजमतीनं कमरेचा रुमाल काढला, शालूबाईंच्या एका हातातल्या बांगड्यांवर घट्ट गुंडाळला आणि दुसऱ्या हाताला त्यांच्याच पदराचं टोक बांधलं. मग काचेकडं वळून म्हणाली, “आता बघ.”

शालूबाईंनी हात हलवून बघितले. सम्राटनं कान देऊन ऐकलं.

“अजून डावा जरा वाजतोय,” तो म्हणाला.

तिनं डाव्या हाताची गाठ सोडली आणि परत आवळून बांधायला घेतली.